तिबिलिसीत चार रात्री: शाकाहारी पोट, दुखरे गुडघे आणि काझबेगी

सुखदा_नाशिक

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात जॉर्जियात, तिबिलिसीला चार रात्री मुक्काम ठरतोय. चौघं आहोत. दोघं शाकाहारी पण अंडं चालणारे, एकाला काहीच वर्ज्य नाही, आणि सासूबाई. त्यांना अंडं चालत नाही, कांदा-लसूण चालतो, गुडघे दुखरे.

१. खाचापुरी (चीज भरलेली रोटी) सोडून शाकाहारी माणसाने तिथे काय खावं? मेनूवरची नावं आणि फसवी नावं दोन्ही सांगा.
२. काझबेगी (रशियाच्या सीमेजवळचं डोंगरातलं गाव) एका दिवसात करावं की नाही?
३. चढ-पायऱ्या टाळून शहर कसं बघायचं?

यूट्यूबवरचे 'टॉप टेन' बघून झालेत. तसली यादी नको.

पाकसिद्धी

खाण्यापुरतं लिहिते. अक्रोड, वांगी, राजमा, मका, पालक, बीट यांच्यावर तिथलं अर्धं जेवण उभं आहे. चीजला हात न लावता चार दिवस सहज निघतात.

मागवा: फ्खाली (पालक, बीट किंवा लीकची पात उकडून, घट्ट पिळून, अक्रोड-लसणाच्या वाटणात मळलेले गोळे, वर डाळिंबाचे दाणे). बद्रिजानी निग्व्झित (तळलेल्या वांग्याच्या कापांत अक्रोडाचं वाटण). लोबिओ (मडक्यात शिजवलेला राजमा) आणि सोबत म्चादी (मक्याची जाड भाकरी). आजाफसंदाली (वांगी, टोमॅटो, ढोबळी मिरची, भरपूर कोथिंबीर). सोको केत्सझे (मातीच्या तव्यातले मशरूम). च्विश्तारी (मक्याच्या पिठात चीज घालून केलेली भाकरी) आणि एलार्जी (मक्याच्या जाडसर पिठात ताणलेलं चीज).

फसवी नावं: सात्सिवीमध्ये अक्रोडाची ग्रेव्ही दिसते, पण आत टर्की किंवा कोंबडी असते. कुचमाची म्हणजे काळीज-गिझार्ड. खार्चो मांसाचं. कुब्दारी दिसते खाचापुरीसारखी, आत मांस. आणि सगळ्यात जास्त लोक अडकतात ते लोबियानीत, म्हणजे राजमा भरलेल्या रोटीत. साधी लोबियानी ठीक, पण 'राचुली' लिहिलं असेल तर त्यात डुकराचं धुरावलेलं मांस असतं. लोबिओमध्येही कधी कधी हॅमचे तुकडे पडतात. 'खोर्त्सिस गारेशे' (मांसाशिवाय) हे दोन शब्द पाठ करून जा.

तिरपांगडा

म्हणजे राजमा मागवायचा आणि आधी त्याची चौकशी समिती नेमायची. छान.

चौकस_चकली

सासूबाईंना इमेरुली (गोल, आत चीज भरलेली) खाचापुरी बिनधास्त द्या. अंडं फक्त होडीच्या आकाराच्या आचारुलीत असतं, ते दिसतंच.

पाकसिद्धी

@चौकस_चकली, नाही हो. आचारुलीतलं अंडं दिसतं म्हणून ते टाळता येतं. खरी अडचण न दिसणाऱ्या अंड्याची आहे. इमेरुलीच्या सारणात चीज बांधून राहावं म्हणून बऱ्याच ठिकाणी अंडं फेटून घालतात. मेग्रुलीवर चीजचा थर देण्याआधी अंड्याचा हात फिरवतात. पेनोवानीच्या पापुद्र्याला चकाकी येते तीही बहुधा अंड्यानेच. गुरुलीच्या आत तर उकडलेलं अंडंच असतं. 'क्वेर्त्सखिस गारेशे' (अंड्याशिवाय) असं विचारा. सारण तिथेच मळत असतील तर बिनअंड्याची करून देतात, आधीच भरून ठेवलेली असेल तर 'नाही' म्हणतील.

सासूबाईंसाठी सगळ्यात सोपा उपाय आहे 'सामार्ख्वो' मेनू. ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांचं उपासाचं जेवण, म्हणजे मांस, दूध, अंडं काहीही नाही. बुधवार-शुक्रवार आणि मोठ्या उपासांच्या काळात बहुतेक हॉटेलांत ते मिळतं, काही ठिकाणी बारा महिने. उपासांत कधी कधी मासे चालतात, तेवढं एक विचारून घ्या.

मुमुक्षु

जैन मंडळींचं कसं? कांदा-लसूणही नको.

पाकसिद्धी

अवघड आहे, अशक्य नाही. अक्रोडाच्या वाटणात लसूण असणारच, त्यामुळे फ्खाली आणि बद्रिजानी बाद. म्चादी, च्विश्तारी, एलार्जी, सुलगुनी चीज, नदुघी (पुदिना घातलेलं मऊ ताजं चीज), मात्सोनी (दही), काकडी-टोमॅटोची कोशिंबीर कांद्याविना, आणि शोतिस पुरी (तंदूरसारख्या भट्टीतला लांबट पाव). चीजमध्ये प्राण्यांचं रेनेट (दूध घट्ट करायला घालतात ते वासराच्या पोटातलं द्रव्य) असतं. ते चालत नसेल तर म्चादी, शोतिस पुरी, मात्सोनी, कोशिंबीर, फळं आणि सुका मेवा एवढ्यावरच भागवावं लागेल.

रस्सेवाला

खिंकालीचं कोणीच लिहिलं नाही? आत मांस आणि रस, उकडीच्या मोदकासारख्या चुण्या, वर जाड देठ. १९ चुण्या असाव्यात असा दंडक सांगतात. देठाला धरायचं, उलटी करायची, बाजूला छोटा चावा घेऊन आधी आतला रस ओढायचा, मग बाकीची. देठ खायचा नाही, ताटलीत ठेवायचा. तो कच्चट राहतो आणि किती खाल्ल्या याचा हिशोबही त्याच्यावरच होतो. काटा-सुरी लावलीत की रस ताटात. वर फक्त काळी मिरी, सॉस नाही.

नगावर मिळतात, बऱ्याच ठिकाणी एका प्रकारच्या किमान पाच घ्याव्या लागतात. सगळं खाणाऱ्याने 'कालाकुरी' (कोथिंबीर वगैरे घातलेली) आणि 'म्तिउलुरी' (डोंगराकडची, बिनकोथिंबिरीची) दोन्ही घेऊन बघावी. शाकाहारींसाठी मशरूम, बटाटा आणि चीज. यांत रस जवळजवळ नसतो, त्यामुळे ओढण्याचा सोहळा करू नका. चीजवाली आत भयंकर गरम असते, जीभ भाजते. आणि एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी: बहुतेक हॉटेलांत सगळ्या खिंकाली एकाच पाण्यात उकळतात.

उरल्या तर टाकू नका. तळून मागा, वेगळाच पदार्थ होतो.

सुखदा_नाशिक

एकाच पाण्यात म्हटल्यावर सासूबाईंचा विषय संपला. बाकी दोघं डोळे मिटून खातील. पाकसिद्धीताई, रस्सेवाले, मनापासून आभार.

दुबईची_शेवंता

व्हिसाचं कोणी बोललं नाही. भारतीय पासपोर्टवर अमेरिका, ब्रिटन, शेंगेन वगैरे देशांचा वैध व्हिसा किंवा आखाती देशांचा रहिवासी परवाना असेल तर वेगळा व्हिसा लागत नाही. म्हणून तर दुबई-शारजाहून शनिवार-रविवार जोडून निम्मी आखाती मंडळी तिबिलिसीत असतात, विमानाने तीन-साडेतीन तास. नाहीतर ई-व्हिसा. नियम बदलत असतात, अर्ज करायच्या दिवशी सरकारी संकेतस्थळ बघा, एजंटच्या जुन्या पीडीएफवर जाऊ नका.

विमानतळावर भारतीयांना थांबवून प्रश्न विचारतात आणि परतही पाठवतात, हे गृहीत धरा. हॉटेलचं बुकिंग, परतीचं तिकीट, बँकेचं विवरण आणि विम्याची पॉलिसी, सगळं छापील ठेवा. १ जानेवारी २०२६ पासून पर्यटकांना आरोग्य आणि अपघात विमा सक्तीचा आहे, किमान ३०,००० लारींचा (लारी म्हणजे तिथलं चलन), पॉलिसी इंग्रजी किंवा जॉर्जियन भाषेत.

शहरात बोल्ट किंवा यांडेक्सचं टॅक्सीचं ॲप घ्या, रस्त्यावरच्या टॅक्सीशी घासाघीस नको. मेट्रो-बसला १ लारी आणि त्यात ९० मिनिटं बदलाबदली फुकट. बँकेचं कार्ड थेट टेकवलं तरी चालतं. विमानतळावरून शहरात यायला ३३७ नंबरची बस आहे, पण सामान आणि गुडघे दोन्ही असतील तर टॅक्सीच. हॉटेलच्या बिलात सेवाशुल्क वेगळं लागतं, मेनूच्या तळाशी बारीक अक्षरात टक्केवारी असते. ती वाचून मगच टिप द्या.

उनाड_वारा

काझबेगी एका दिवसात करू नका, हे माझं स्पष्ट मत. तिबिलिसीहून स्तेपांत्समिंदा (काझबेगी गावाचंच आताचं नाव) दीडशे किलोमीटरच्या आसपास. न थांबता तीन तास. वाटेत अनानुरीचा किल्ला आणि गुदाउरीच्या पुढचं १९८३ चं मैत्री स्मारक धरलं की जाऊन-येऊन अकरा-बारा तास, त्यातले सात-आठ गाडीत. शिवाय हाच रस्ता पुढे लार्सीच्या नाक्यावरून रशियात जातो. मालट्रकांच्या रांगा लागल्या की वेळापत्रक कोसळतं. गेर्गेतीचं चर्च २१७० मीटरवर, पण तिथे पोचेपर्यंत दुपार झालेली असते आणि काझबेकचं शिखर दुपारी ढगात जातं. ते सकाळी दिसतं, आणि सकाळी बघायचं तर तिथेच राहावं लागतं.

दुबईची_शेवंता

@उनाड_वारा, अर्धंच पटलं. ऑक्टोबरमध्ये रस्ता सहसा उघडा असतो, हिमवादळाने बंद पडण्याचे दिवस हिवाळ्यातले. स्वतंत्र गाडी करून सकाळी सातला निघालं तर साडेदहापर्यंत वर. गावातून चर्चपर्यंत डांबरी रस्ता झालाय, गाड्या पार माथ्यावर जातात. शेवटचा थोडा चढ सोडला तर गुडघ्यांना त्रास नाही. थांबे येताना घ्यायचे, जाताना नाही. टूरच्या बसा नेमकं उलटं करतात, म्हणून शिखर हुकतं.

उनाड_वारा

सातला चौघांना गाडीत बसवून दाखवा, मग बोलू.

तिरपांगडा

सासूबाई सहालाच तयार असतील. उशीर ज्याला काहीच वर्ज्य नाही त्याचा होईल.

उनाड_वारा

:) बरं, माझा पर्याय. ऑक्टोबर म्हणजे कखेतीत (पूर्वेकडचा वाइनचा प्रांत) द्राक्षतोडणीचा शेवट. तिथलं सिघनाघी गाव शंभरेक किलोमीटर, दोन तास, रस्ता बराचसा सपाट. बोद्बेचा मठ बघा, पण तिथल्या झऱ्याकडे उतरणाऱ्या पायऱ्या खूप आहेत, त्या सोडून द्या. वाटेत एखाद्या छोट्या वायनरीत क्वेव्री बघा: जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेले मातीचे रांजण. पांढऱ्या द्राक्षांचा रस साली-बियांसकट महिनोन्‌महिने त्यात ठेवतात. त्याने रंग अंबरासारखा होतो आणि चव तुरट. ही पद्धत २०१३ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली. पांढऱ्यात 'र्कात्सितेली', लाल प्यायची तर 'सापेरावी'. सापेरावीचा गरसुद्धा लाल असतो, म्हणून वाइन शाईइतकी गडद.

'चाचा' म्हणून जे देतात ते द्राक्षाच्या चोथ्याची दारू आहे, जपून.

गोंयचो_पाव

थोडं अवांतर, पण गोव्याचा धागा आहे म्हणून. कखेतीची राणी केतेवान. इराणच्या शाह अब्बासच्या कैदेत धर्म सोडायला नकार दिला म्हणून १६२४ मध्ये शिराझला तिला मारलं. ऑगस्टिनियन धर्मगुरूंनी तिचे अवशेष जुन्या गोव्यात सेंट ऑगस्टीनच्या मठात आणले. तो मठ ढासळला, जागा विसरली गेली. २००४ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या उत्खननात हाड सापडलं, हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेने डीएनए तपासला, आणि जुलै २०२१ मध्ये परराष्ट्रमंत्री जयशंकर यांनी अवशेषांचा एक भाग तिबिलिसीत जॉर्जियाच्या हवाली केला. '३०० अरागवेली' मेट्रो स्टेशनचा रस्ता तिच्याच नावाचा आहे. भारतातून आलोय म्हटल्यावर तिथली वडीलधारी माणसं हा विषय काढतात.

कढीलिंब

देझेर्तेर बाजारात कोण गेलंय? मसाल्यांत काय घ्यावं?

पाकसिद्धी

सादगुरिस मोएदानी, म्हणजे रेल्वे स्टेशनच्या मेट्रोपासून चालत. सकाळी जा.

घ्या उत्सखो सुनेली. ही निळ्या फुलांची मेथी, आपल्या मेथीदाण्यापेक्षा सौम्य आणि कडूपणा कमी. वास घेतल्याशिवाय घेऊ नका, जुनी असेल तर गवतासारखी लागते. ख्मेली सुनेली हा मिश्र मसाला, प्रत्येक दुकानदाराचा वेगळा, थोडाच घ्या. स्वानेती मीठ (लसूण, मेथी, धणे, झेंडू घातलेलं) घ्या. अंडं-बटाट्यावर अप्रतिम, पण आधीच खारट, वरून मीठ घालू नका.

'इमेरेतीचं केशर' म्हणून पिवळी पूड दाखवतात, ती वाळवलेल्या झेंडूच्या पाकळ्यांची असते. वाईट काही नाही, जॉर्जियन स्वयंपाकात तीच हवी. फक्त केशराचे पैसे देऊ नका.

तिरपांगडा

दसऱ्याचं तोरण दुसऱ्या दिवशी फेकून देणारे आपण वेडेच.

पाकसिद्धी

तोरणाचा झेंडू फवारलेला असतो, खायचा नाही. कोणी खरंच करेल म्हणून लिहिलं.

ओटीजी_पंडित

घरी आचारुली करून बघायची असेल तर प्रमाण देतो, दोन नगांचं. मैदा २५० ग्रॅम, कोमट दूध-पाणी निम्मं निम्मं मिळून १६० मिली, इन्स्टंट यीस्ट ४ ग्रॅम, साखर-मीठ एकेक चमचा, तेल एक मोठा चमचा. दहा मिनिटं मळा, पीठ किंचित चिकट राहू दे, दुप्पट होईपर्यंत झाका. सुलगुनी इथे मिळत नाही. मोझरेला २०० ग्रॅम आणि फेटा १०० ग्रॅम. फेटा नसेल तर कुस्करलेलं पनीर, दोन चमचे घट्ट दही आणि पाव चमचा मीठ.

लांबट लाटा, दोन्ही लांब कडांवर चीज पसरून कडा आत गुंडाळा, टोकं पिळून घट्ट बंद करा. इथेच बिघडतं: टोक सैल राहिलं की होडी भट्टीत उघडते आणि चीज ट्रेवर. पॅकेटमधला किसलेला मोझरेला वापरू नका, त्याला लावलेल्या स्टार्चमुळे तो नीट वितळत नाही. ओटीजी २५० वर, ट्रे उलटा टाकून वीस मिनिटं आधी तापवा. तळ कच्चा राहतो तो थंड ट्रेमुळे. १२ मिनिटांनी बाहेर काढून मधे खड्डा करा, बलक सोडा, आणखी एक मिनिट. जास्त ठेवलंत तर बलक घट्ट होतो आणि सगळी मजा जाते. वर २० ग्रॅम लोणी. टेबलावर लगेच चमच्याने ढवळा, मग कडा तोडून बुडवा.

चौकस_चकली

आचारुली म्हणजे फोटोसाठी केलेला पदार्थ. अर्ध्यावर जीव नको होतो. चवीला इमेरुली सरस. (अंड्याचं आता कळलं, हात जोडले.)

ओटीजी_पंडित

एकट्याने खाल्ली तर होणारच. छोटी मागवायची, दोघांत एक, आणि सोबत त्केमालीचा (आंबट आलुबुखाराचा) सॉस किंवा तर्खुनाचा (टॅरॅगॉन या वनस्पतीचा) हिरवा सोडा. बोर्जोमी मागवू नका, ते खारं खनिज पाणी आहे. साधं हवं तर 'स्नो' किंवा 'बाकुरियानी'.

वाटसरू

आता मूळ धाग्याकडे. प्रश्न ३, गुडघे.

सूत्र एकच: चढायला यंत्र, उतरायलाही यंत्र. रिके पार्कमधून रोपवे नारिकाला किल्ल्याला जातो. वर 'जॉर्जियाची आई'चा पुतळा (एका हातात वाइनचा प्याला, दुसऱ्यात तलवार) थोड्याच चालीवर. किल्ल्याच्या तटावर मात्र सासूबाईंना नेऊ नका, पायऱ्या झिजलेल्या आणि कठडे नाहीत. खाली आबानोतुबानीकडे (गंधकाच्या कुंडांचा भाग) चालत उतरतात ते लोक फसतात, वाट खडी आणि गोट्यांची. रोपवेनेच परत या, रिकेतून २०१० चा काचेचा शांतता पूल ओलांडला की जुन्या शहरात सपाट रस्ता. वाटेत सहाव्या शतकातलं अंचिसखाती चर्च आणि त्याच्या बाजूला गाब्रियाद्झेच्या बाहुलीनाट्यगृहाचं वाकडं घड्याळ. दुपारी बाराला छोटा बाहुल्यांचा खेळ होतो, पाच मिनिटं आधी पोचा.

म्तात्समिंदा टेकडीला १९०५ पासूनची फ्युनिक्युलर (दोराने ओढली जाणारी चढावरची गाडी) आहे. खालचं स्टेशन रुस्तावेली या मुख्य रस्त्यावरून चढावर येतं, तिथवर टॅक्सी. संध्याकाळी जा, वर गरम पोंचिकी (क्रीम भरलेले तळलेले गोळे) मिळतात.

रुस्तावेली रस्ता सपाट, पण ओलांडायला बऱ्याच ठिकाणी भुयारी मार्ग आहेत, म्हणजे पायऱ्या. कोणत्या बाजूचं काय बघायचं ते ठरवून एकाच बाजूने चाला. राष्ट्रीय संग्रहालयात कोल्खेती या प्राचीन राज्याचं सोनं आणि द्मानिसीला सापडलेल्या १८ लाख वर्षांपूर्वीच्या आदिमानवांच्या कवट्या, सोमवारी बंद. मेट्रोचे सरकते जिने लांबलचक आणि आपल्याकडच्यापेक्षा वेगवान. सासूबाईंसाठी टॅक्सी बरी.

म्त्सखेता (जुनी राजधानी) अर्ध्या दिवसात होतं, वीसेक किलोमीटर. डोंगरावरच्या ज्वारी मठाला गाडी वरपर्यंत जाते, स्वेतित्सखोवेली कॅथेड्रल सपाटीवर. चर्चमध्ये बायकांनी डोकं झाकायचं, पँटवर गुंडाळायला दारात कापड ठेवलेलं असतं. ओढणी न्या म्हणजे झालं.

सुखदा_नाशिक

वाटसरू, हेच हवं होतं. काझबेगी रद्द, म्त्सखेता आणि सिघनाघी नक्की. आता गंधकाच्या कुंडांचं: गुडघ्यांसाठी खरंच उपयोग होतो का, आणि चौघांना एकत्र जमतं का?

वाटसरू

शेकाने तात्पुरतं बरं वाटतं, औषध समजू नका. खाजगी खोली तासावर मिळते, भाडं खोलीचं, माणशी नाही, त्यामुळे चौघांना परवडते. निळ्या फरशांचं ओर्बेलियानी आगाऊ नोंदवावं लागतं. पाणी चाळिशीच्या आसपास, दहा मिनिटं आत, मग बाहेर बसायचं. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. 'मेकिसे' म्हणजे खरखरीत हातमोज्याने अंग घासणारी व्यक्ती, तिचे पैसे वेगळे. चांदीचे दागिने हॉटेलवर ठेवा, गंधकाने काळे पडतात. फरशी ओली आणि निसरडी, रबरी चपला न्या.

कढीलिंब

आणि येताना चुर्चखेला किती आणावा?

पाकसिद्धी

ऑक्टोबरमध्ये ताजा मिळतो. अक्रोडाच्या माळा पीठ घालून आटवलेल्या द्राक्षरसात बुडवून वाळवतात. दाबून बघा, किंचित वाकला पाहिजे. वरची पांढरी पूड साखरेची, ती चालते. लव आली असेल तर बुरशी. प्लॅस्टिकमध्ये बांधून आणू नका, घाम सुटून बुरशी येते. कागदात गुंडाळा, घरी आल्यावर टांगून ठेवा. वाइनच्या बाटल्या मोठ्या सामानात, मोज्यांत घालून. भारतात माणशी दोन लिटरपर्यंत मद्य करमुक्त.